कंबर एकतीस

मंगळवार, ४ मार्च

"मी अल्पशिक्षित व वयोवृद्ध असून, गैरसमजुतीमुळे फोनवरील एका अनोळखी व्यक्तीस माझ्या नातीचा पासवर्ड व कोड सांगितला." हे मी कधी बोलले? कुणापुढे बोलले? छापून मात्र आलंय, माझ्या नावावर. खाली सहीसाठी रेघ आणि रेघेशेजारी तू पेन्सिलीनं मारलेली फुली, म्हातारीला जागा सापडावी म्हणून. फुली कपड्यावर मी मारते, टाचणे पोरी, जिथं कापायचं असतं तिथं.

आता आशीर्वाद. घे.

बरोबर तुझी दोन ओळींची चिठ्ठी: सही करून लगेच पाठव, फोन करू नकोस, माझा फोन ऑफिसनं तपासायला नेलाय. फोन नाही तर नाही. मीही माझा बंद करून बटणांच्या डब्यात टाकलाय. दुसरीपर्यंत शिकलेली बाई पत्र लिहू शकते. बाकीची अक्षरं मी गिऱ्हाइकांची नावं वहीत लिहिता लिहिता शिकले, आणि चाळीस वर्षांत कुणाचा झंपर कुणाला दिला नाही.

माझ्या मशीनच्या वर भिंतीला एक पुठ्ठा लावलाय, आठवतो? जानेवारीत आठ दिवस राहायला आलीस तेव्हा तूच लिहून लावलास, तुझ्या त्या गोल गोल अक्षरात. फोनवर आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही. कुणी बँकेतून बोलतो म्हणाला तर फोन ठेवायचा आणि पासबुकावरचा नंबर आपण लावायचा. निळ्या अक्षरांतल्या कशाला बोट लावायचं नाही. एक पासवर्ड दोन ठिकाणी वापरायचा नाही. मी रोज दोरा ओवताना ते वाचते, दुसरं वाचायला समोर आहे काय? गेल्याच महिन्यात एकजण म्हणाला, आजी, तुमचं कार्ड बंद पडतंय, आकडे सांगा. मी म्हटलं, थांबा हं बाळा, चष्मा शोधते. फोन टेबलावर ठेवला आणि दोन पँटींचे पाय खालून दुमडून शिवले. परत उचलला तर तो अजून होता. मीच कंटाळले.

अशी बाई मी. मी कुणाला काय सांगितलं?

तू तिकडे प्रयोगशाळेत लोकांचे रिपोर्ट सांभाळतेस एवढं मला ठाऊक आहे. तिथं काय झालंय ते नीट लिही. सही नंतरची गोष्ट.

आजी


शनिवार, ८ मार्च

प्रिय आजी,

रागावू नकोस. घाईत कागद पाठवला, आधी समजावून सांगायला हवं होतं.

आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या लोकांना विमा विकणाऱ्यांचे फोन जायला लागले. नुसते फोन नाहीत, "तुम्हाला अमुक त्रास आहे ना, मग हा विमा घ्या" असे. लोकांनी तक्रार केली. चौकशीत निघालं की १२ फेब्रुवारीला दुपारी कुणीतरी बाहेरच्या कॉम्प्युटरवरून माझ्या नावानं आत शिरलं आणि अख्खी यादी काढून नेली. आत जायला माझा पासवर्ड लागतो आणि वर फोनवर येणारा कोड. जानेवारीत माझा फोन बादलीत पडला होता, म्हणून तुझ्याकडे असताना मी कोड तुझ्या नंबरवर घेत होते. नवीन फोन घेतल्यावर ते बदलायचं राहिलं. म्हणजे त्या दिवशीचा कोड तुझ्याच फोनवर आला, आजी. आणि तो वापरला गेला.

पासवर्ड आता बंद केलाय म्हणून लिहिते. तो माझ्या मापांचा होता. खांदा साडेचौदा, बाही बावीस, कंबर एकतीस, ओळीनं. मला वाटलं होतं हे कुणाला कधी सुचणार नाही. पण तुझी मापांची वही दिवसभर टेबलावर उघडी असते, बायका येतात जातात, त्यांच्यातल्याच कुणीतरी वाचलं असेल. नाहीतर तूच बोलता बोलता सांगितलं असशील. तुझा दोष आहे असं मी म्हणतच नाही. या वयात कुणाचंही होतं.

तू सही केलीस तर ती "घरातल्या वृद्ध व्यक्तीची चूक" ठरेल आणि मला फक्त समज देतील. नाहीतर नोकरी जाईल, आणि या कामात अशी नोकरी गेली की दुसरीकडे कुणी उभं करत नाही. तुला कुणी काही करणार नाही, आजी. ३१ मार्चपर्यंत कागद द्यायचा आहे.

तुझी टाचणी


बुधवार, १२ मार्च

टाचणे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग वही काढली.

तुझं पान आहे त्यात, लहानपणापासूनचं. शेवटची मापं तीन वर्षांपूर्वीची, तुझ्या नोकरीच्या पहिल्या ड्रेसची. खांदा चौदा. बाही बावीस. कंबर अठ्ठावीस.

अठ्ठावीस, बाईसाहेब. एकतीस नाही.

एकतीस मी जानेवारीत मोजली, आतल्या खोलीत, दार लावून, तोंडात टाचण्या धरून. तू म्हणालीस, "आजी, हे लिहू नकोस गं, आधी कमी करते." मी हसले आणि लिहिलं नाही. तशीही मी कपडा अंगाला घालून बघितल्याशिवाय वहीत आकडा चढवत नाही, ही माझी पहिल्यापासूनची पद्धत. तो ड्रेस तू घालून न बघताच गेलीस. कच्चे टाके घातलेला खुंटीवर लटकतोय. तेव्हा माझी वही कुणी रात्रंदिवस वाचली, पाठ केली, चाटली, तरी त्याला एकतीस सापडायची नाही. ती तुला, मला आणि फितीला माहीत. फीत बोलत नाही. मी बोलले नाही. राहिलं कोण?

आता त्या १२ फेब्रुवारीचं. बुधवार होता. शाळेच्या गणवेशाच्या कॉलरी चालल्या होत्या, त्या मी बुधवारीच करते. दुपारी तुझा फोन आला, "आजी, तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत, पटकन वाचून दाखव." मी पुठ्ठ्याकडे बघितलं आणि म्हटलं, कुणालाही म्हणजे तुलासुद्धा. तू म्हणालीस, "अगं मीच लिहिलंय ते!" मी म्हटलं, मग तुला पाठ असायला हवं. तू चिडून फोन ठेवलास. त्या फोनबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही.

आणि पुढचं ऐक. तुझा काका त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून घरीच होता, मागच्या खोलीत, त्याच्या कॉम्प्युटरपाशी. तुझा फोन ठेवला आणि पाचएक मिनिटांत तो बाहेर आला. "आई, तुझ्या फोनला चार्जिंग लावतो." मी सकाळीच लावलं होतं. बाईच्या हातात कॉलर असली की ती मान वर करत नाही. फोन गेला, फोन आला. कोड कुलूप न उघडता वरच दिसतो, हेही तूच मला दाखवलं होतंस आणि बंद करून देते म्हणाली होतीस.

याचा अर्थ काय ते मी अजून लिहीत नाही. काका परवापासून त्याच्या विम्याच्या कामासाठी बाहेरगावी गेलाय, नाहीतर त्यालाच समोर उभं केलं असतं. तू लिही.

आणखी एक. माझ्याकडे काज-बटणं करायला जी येते, ती काजवाली, तुला माहीत आहे. तोंडाला कुलूप असलेली बाई. मूल होत नाही म्हणून तिनं घरी न सांगता तुमच्याकडे तपासणी करून घेतली होती. गेल्या आठवड्यात तिच्या घरच्या फोनवर कुणीतरी गोड आवाजात विचारलं, ताईंच्या उपचारांसाठी विमा हवा का. फोन सासूनं उचलला होता. आता ती माझ्यासमोर बसते, काजं करते, डोळे सुजलेले. काल म्हणाली, "आजी, माझा नंबर कुणी दिला असेल हो?" मी दोरा तोडला आणि म्हटलं, खालचं बटण जरा सैल लाव.

माझ्या वहीत या गल्लीतल्या चार पिढ्यांच्या बायका आहेत. कुणाची कंबर सुटली, कुणाचं पोट दिसायला लागलं, कुणी महिन्याभरात वाळून गेली, हे त्यांच्या नवऱ्यांच्या आधी मला कळतं. एक आकडा बाहेर गेला नाही. म्हणून त्या माझ्यासमोर हात वर करून उभ्या राहतात. तुझ्या कागदावर सही केली तर उद्यापासून माझ्यासमोर कोण हात वर करील? मला कुणी काही करणार नाही म्हणतेस. हेच करणार नाहीत ना, माप द्यायला येणार नाहीत.

आजी


सोमवार, १७ मार्च

प्रिय आजी,

तू उगाच पोलिसासारखी उलटतपासणी करते आहेस. एकतीसचं म्हणशील तर मी नवीन कपडे मागवताना माप कुठेतरी टाकलं असेल, तिथून गेलं असेल. माझ्या घरच्या मेललाही तोच पासवर्ड होता, एखाद्या वेळेस तोही फुटला असेल. हे सगळं नेहमी होत असतं, तुला त्यातलं कळत नाही.

मी तुला फोन केला होता हे मला आठवत नाही. केला असेल तर ऑफिसच्या कामासाठीच. काकाला यात ओढू नकोस. तो बिचारा बाहेरगावी उन्हात फिरतोय, त्याचा काय संबंध? बाबा गेल्यावर माझी शाळा, माझा अभ्यास, सगळं त्यानं बघितलं. त्याच्याबद्दल असं मनात आणतेस तरी कशी?

काजवालीचं वाईट वाटलं. पण घरचं माणूस कोण आणि बाहेरचं कोण, हे तुला मी सांगायचं का?

चौदा दिवस राहिलेत.

तुझी टाचणी


शुक्रवार, २१ मार्च

टाचणे,

मजकुरात तू हुशार आहेस. पाकिटात कमी पडलीस.

पत्र तुझ्या अक्षरात आणि वरचा पत्ता तुझ्या काकाच्या. त्याला अक्षरं मी शिकवलीत, खडूनं, याच टेबलावर. त्याचा "आ" अजून पाय दुमडून बसतो. घराचा नंबरही तो लहानपणापासून गोल करून लिहितो. बाहेरगावी उन्हात फिरणारा बिचारा तुझ्या खोलीत बसून तुझी पाकिटं लिहितोय. पोस्टात टाकायलाही तोच गेला असेल, तेवढेच पाय मोकळे.

मला आता एवढंच सांग. माझं नाव घालायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?

आजी


मंगळवार, २५ मार्च

आजी,

हो. काका इथे आहे. तुझं दुसरं पत्र आलं त्याच्या आधीच आला, तू काहीतरी ओळखलंयस असं त्याला वाटायला लागलं होतं.

त्याला या वर्षीचा आकडा गाठता आला नव्हता, विम्याचं काम सुटणार होतं. म्हणाला, नुसती नावं आणि नंबर दे, ज्यांना गरज आहे त्यांनाच फोन करीन, त्यांचं भलंच होईल. ऑफिसमधून यादी बाहेर पाठवली तर लगेच कळतं. म्हणून मी पासवर्ड त्याला सांगितला आणि त्यानं घरून उघडलं. कोड तू दिला नाहीस, म्हणून मी त्याला म्हटलं तुझा फोन बघ. यादी फक्त तो वापरणार होता. त्यानं ती त्याच्या साहेबाला दिली आणि साहेबानं पुढे वाटली. माझा फोन खरंच बादलीत पडला होता. कोड तुझ्या नंबरवर मुद्दाम ठेवला नव्हता, बदलायचा राहिला. मग काका म्हणाला, राहू दे.

तू विचारलंस त्याचं उत्तर. तुझं नाव मला सुचलं. काका नको म्हणत होता. मीच म्हटलं, आजीचं वय बघून सोडून देतील, तिला काय फरक पडणार आहे, ती घरातच तर असते.

तो सहीचा कागद लिहून झाल्यावर मला वाचवला नाही. तरी पाठवला.

आता सगळं सांगितलं. मला लहानाचं मोठं तू केलंस. एक सही, आजी. काजवालीचं जे व्हायचं ते होऊन गेलं, तुझ्या सहीनं ते बदलणार आहे का? माझं अजून व्हायचंय. तू तिच्यासाठी मला बुडवणार?

टाचणी


शुक्रवार, २८ मार्च

टाचणे,

"ती घरातच तर असते." हे वाक्य मी आज दिवसभर घेऊन बसले. खरंच आहे. घरातच असते. म्हणून तर तुझ्या काकानं माझ्या पाठीमागून फोन उचलला, चोराला शोधत बाहेर जावं लागलं नाही. भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर तू बाहेरच्यांबद्दल सगळं लिहिलंस. बँकवाला, अनोळखी, निळी अक्षरं. घरच्यांबद्दल लिहायचं राहिलं. मी पुठ्ठा काढलेला नाही. खाली एक ओळ माझ्या अक्षरात वाढवली आहे: "चार्जिंग लावतो म्हणणाऱ्यालाही." वाकडी आली, पण वाचता येते.

तुझ्या कागदावर सही केलेली नाही. त्याच्या पाठीवर, कोऱ्या बाजूला, मी माझा कागद लिहिला. चारच ओळी. कोड माझ्या फोनवर आला. मागितला तो माझ्या नातीनं, मी दिला नाही. फोन मला न विचारता माझ्या मुलानं उचलला. पासवर्डातला एकतीस हा आकडा नातीखेरीज आणि माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हता, आणि मी सांगितला नाही. खाली सही. तुझ्या फुलीच्या जागेवर नाही, माझ्या जागेवर.

मग काजवालीला बसवलं आणि सांगितलं. तुझा नंबर माझ्या घरातून गेला, बाई. माझ्या मुलानं नेला, माझ्या नातीनं दार उघडून दिलं. तिनं हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि तुम्ही पंधरा दिवस मला बटण सैल लाव, घट्ट लाव म्हणत होता." बरोबर बोलली. तूच एक खोटं बोललीस असं नाही. मीही गप्प बसून बघितलं. जमलं नाही एवढंच.

मी तुला तिच्यासाठी बुडवते का म्हणून विचारलंस. तू पाण्यात उतरलीस तेव्हा मी काठावरसुद्धा नव्हते, कॉलरी शिवत होते. तुला मी मोठं केलं, हे मला तुझ्याकडून आठवण करून घ्यायची गरज नाही. म्हणूनच सही करत नाही. परक्या पोरीसाठी कदाचित केलीही असती, तिचं खोटं निस्तरायला मी आयुष्यभर थोडीच बसणार होते?

नोकरीचं म्हणशील तर जाईल. रडून घे, मग इकडे ये. मशीन दोन आहेत, एकावर धूळ बसते. पण येशील तेव्हा तुझ्या तोंडानं तिथल्या साहेबांना सगळं सांगून ये. माझा कागद पोचण्याआधी सांगितलंस तर तुझं सांगणं, नंतर सांगितलंस तर नुसती कबुली. तेवढाच फरक मी तुला देऊ शकते.

तुझा ड्रेस पुरा केला. कच्चे टाके काढले, पक्की शिलाई घातली, इस्त्री करून ठेवलाय. घालून बघितलेला नाही, तरी कंबर वहीत लिहिली. एकतीस. माझी पद्धत पहिल्यांदा मोडली. आता त्या आकड्यात लपवायचं राहिलंय काय?

माझा कागद पाकिटात घालून काजवालीच्या हातात दिलाय. सोमवारी, एकतीस तारखेला, तो स्वतः तुमच्या साहेबांकडे नेऊन द्यायचा की फाडायचा हे ती ठरवणार. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ते पाकीट तिचं.

या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. तुझी पत्रं मी पुष्कळ वाचली. उत्तर तुझ्या काकानं लिहायचं, स्वतःच्या हातानं, त्या पाय दुमडलेल्या अक्षरात, आणि मला नाही. तिला. पत्ता माझाच घालू दे. ती रोज अकराला येते. पाकीट मी उघडणार नाही.

आजी